धामणीचा प्रजननकाळ

धामण (शास्त्रीय नाव: टायस म्यूकोसा) या बिनविषारी सापाच्या मीलनापासून अंड्यांतून पिल्ले बाहेर येईपर्यंतच्या काळास धामणीचा प्रजननकाळ म्हणतात. बीड जिल्ह्यासारख्या कोरड्या पठारी प्रदेशात तो साधारणपणे हिवाळ्याचा गारवा ओसरल्यावर सुरू होतो व पावसाळ्यात संपतो. उष्ण व दमट प्रदेशांत धामणीचे प्रजनन वर्षभरही होऊ शकते.

हवामानाशी संबंध

साप शीतरक्ताचा प्राणी असल्याने त्याच्या शरीराचे तापमान परिसरावर अवलंबून असते. बालाघाटच्या डोंगररांगांनी व्यापलेल्या बीड जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा असतो, तर मे महिन्यात पारा 40 अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. थंडीत धामण बिळात किंवा दगडांच्या कपारीत राहते, कमी खाते आणि दुपारी उन्हाला बाहेर येते. थंड देशांतील सापांसारखी महिनोन्‌महिन्यांची शीतनिद्रा येथे आढळत नाही. तापमान व दिवसाची लांबी वाढू लागली की सापांच्या हालचालींना वेग येतो. मादी कात टाकते आणि तिच्या त्वचेतून स्रवणाऱ्या गंधद्रव्याचा माग काढत नर तिच्यापर्यंत पोहोचतो.

कॉर्न स्नेकशी तुलना

थंडी आणि प्रजनन यांचा संबंध कॉर्न स्नेक या सापात स्पष्ट दिसतो. धामणीप्रमाणेच कोल्युब्रिडी कुळातील हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातील असून अनेक देशांत पाळला जातो. त्याचे पालक हिवाळ्यात त्याला सुमारे 8 ते 12 आठवडे 10 ते 15 अंश तापमानात ठेवतात. गारव्यात पचन मंदावते व पोटातील अन्न कुजू शकते. म्हणून त्याआधी सुमारे दोन आठवडे खाद्य बंद केले जाते, पाणी मात्र सतत ठेवले जाते. पुढे ऊब हळूहळू वाढवली जाते. मादीने पहिली कात टाकल्यानंतर जोडी एकत्र ठेवतात. मीलनानंतर सुमारे 30 ते 45 दिवसांनी मादी अंडी घालते आणि 27 ते 29 अंशांत ती सुमारे दोन महिन्यांत उबतात. पालक जो क्रम कृत्रिमरीत्या घडवून आणतो, तो धामणीच्या बाबतीत ऋतुचक्र घडवते.

अंडी व पिल्ले

मीलनानंतर काही आठवड्यांनी मादी उंदरांची बिळे, पालापाचोळा किंवा वारुळे अशा ओलसर व उबदार जागी साधारणपणे 6 ते 15 अंडी घालते. ती उबण्यास सुमारे दोन महिने लागतात. उन्हाळ्यात घातलेल्या अंड्यांतील पिल्ले पावसाळ्यात बाहेर पडतात. त्या वेळी बेडूक व इतर लहान भक्ष्य विपुल असते. नागाची मादीही उन्हाळ्याच्या सुमारास अंडी घालते व त्यांचे रक्षण करते. घोणस मात्र अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते.

गैरसमज

धामण ही नागाची मादी होय, असा समज ग्रामीण भागात रूढ आहे. प्रत्यक्षात दोन्ही सापांची कुळे भिन्न असून त्यांच्यात संकर होत नाही. नर व मादी दोन्ही जातींत स्वतंत्रपणे असतात. एकमेकांना वेटोळे घालून शरीराचा पुढचा भाग उंचावणारे दोन साप पाहून त्यांचे मीलन चालले आहे असे मानले जाते. हे बहुधा दोन नरांचे द्वंद्व असते. त्यात ते चावत नाहीत; प्रतिस्पर्ध्याला खाली दाबण्याचा प्रयत्न करतात आणि हरलेला निघून जातो. या काळात साप उघड्यावर अधिक दिसत असल्याने ते मारले जाण्याचा धोकाही वाढतो.

शेती व संरक्षण

धामण उंदरांचा फडशा पाडत असल्याने शेतकऱ्यास उपकारक आहे. पेरणीपूर्व मशागत व बांधांची खोदाई उन्हाळ्यात होत असल्याने नेमकी याच काळात अंडी उघडी पडतात. सापाची अंडी उलटवल्यास आतील गर्भ मरू शकतो. म्हणून ती हलवू नयेत आणि त्याच मातीने पुन्हा झाकावीत. नागपंचमीला जमीन न नांगरण्याची व न खणण्याची प्रथा महाराष्ट्रात आहे; तो सण श्रावणात, म्हणजे पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास येतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये धामणीस संरक्षण आहे. तिला मारणे, पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. त्यामुळे कॉर्न स्नेकप्रमाणे तिची घरी पैदास करता येत नाही. साप किंवा अंडी आढळल्यास वन विभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर कळवता येते. बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातील तागडगाव येथे सर्पराज्ञी हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे.