दोन ओळी आणि बत्तीस हजार किल्ल्या

संगणकाच्या तासाला ‘लायब्ररी’ हा शब्द आला की मुलांच्या डोळ्यांसमोर पुस्तकांची कपाटे उभी राहतात. ‘ग्रंथालय’ असे भाषांतर करून तर गोंधळ वाढतोच. इथे लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमना लागणारी कामे एकदाच लिहून ठेवलेली फाईल. पडद्यावर अक्षरे पाठवणे, मजकूर दाबून लहान करणे ही कामे प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः करत बसत नाही, तो लायब्ररीला सांगतो. त्यामुळे जागा वाचते, आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी लागते. मात्र चूक शिरली तर तीही एकाच ठिकाणाहून सगळीकडे जाते. डेबियन या मुक्त कार्यप्रणालीच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याचे लिनक्स हे कर्नल आले. सुटे भाग तयार होते, पण ते जुळवून, तपासून एकत्र देणारे कोणीतरी हवे होते. तेव्हा प्रचलित असलेल्या एसएलएस या संचातील चुकांना कंटाळून अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयान मर्डॉक याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनची घोषणा केली. (डेब्रा ही त्याची मैत्रीण, दोघांची नावे जोडून हे नाव झाले.) कामाची पद्धत साधी होती. प्रत्येक सॉफ्टवेअरचे एक पॅकेज करायचे, त्याची जबाबदारी एका स्वयंसेवकाने घ्यायची, आणि ते चालण्यासाठी दुसरी कोणती पॅकेजे, कितव्या आवृत्तीची लागतात हे त्यातच नोंदवायचे. जून १९९६ मधील १.१ या आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती. जुलै १९९८ च्या २.० या आवृत्तीत ती दीड हजारांवर गेली आणि सांभाळणारे चारशेहून अधिक झाले.

या दोन वर्षांत त्यांनी एक अवघड काम पार पाडले. जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी सी भाषेची मूळ लायब्ररी बदलायची होती. जुनी लिबसी ५, नवी लिबसी ६. दोन्ही एकाच यंत्रावर शेजारी शेजारी ठेवता येत, कारण आवृत्तीचा क्रमांक फाईलच्या नावातच असतो. अडचण वेगळीच होती. समजा, एखादा प्रोग्रॅम नव्या लिबसीवर बांधला, पण तो वापरत असलेली चित्रांची लायब्ररी अजून जुन्या लिबसीवर आहे. मग एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही लिबसी येतात आणि तो कोसळतो. म्हणून लायब्रऱ्या नव्याने बांधून त्यांना नवी नावे दिली. अनेकांच्या नावात ग्नूच्या लिबसीची खूण म्हणून ‘जी’ हे अक्षर घातले. मजकूर दाबणाऱ्या झेडलिबच्या पॅकेजचे नाव झेडलिब१जी झाले. लिबसी ५ कधीच इतिहासजमा झाली, तरी तो ‘जी’ आजही तसाच चिकटलेला आहे!

तपासणीचीही एक रीत बसवावी लागली. डिसेंबर २००० पासून ‘अनस्टेबल’ आणि ‘स्टेबल’ यांच्या मध्ये ‘टेस्टिंग’ हा टप्पा आला. नवे पॅकेज काही दिवस अनस्टेबलमध्ये थांबते. गंभीर तक्रार आली नाही आणि इतर पॅकेजांचे अवलंबन मोडत नसेल, तरच ते पुढे सरकते. रीत चांगली आहे, पण ती कुणाच्या तरी नजरेला दिसणाऱ्या चुकाच पकडते.

न दिसणारी चूक २००६ साली शिरली. ओपनएसएसएल ही गुप्त संदेशांची लायब्ररी. गुप्त किल्ली बनवण्यासाठी तिला कोणालाही ओळखता न येणारे आकडे लागतात. त्यासाठी ती बाहेरून बेभरवशाची सामग्री गोळा करून एका साठ्यात घुसळते. व्हॅलग्रिंड हे तपासणीचे साधन तक्रार करत होते, की ही लायब्ररी काहीही न लिहिलेली स्मृती वाचते आहे. तक्रार खरी होती. डेबियनच्या सांभाळकर्त्याने मूळ लेखकांच्या चर्चेत विचारणा केली, तिथून विरोध झाला नाही, आणि त्याने एकसारख्या दिसणाऱ्या दोन ओळी बंद केल्या. पहिली गेल्याने काही बिघडले नसते. दुसरी मात्र सगळी सामग्री साठ्यात मिसळणारी ओळ होती. ती गेल्यावर बदलणारी एकच गोष्ट उरली, चालू प्रक्रियेचा क्रमांक. त्याच्या शक्यता फक्त ३२,७६८, म्हणजे २ चा पंधरावा घात. एका जातीच्या यंत्रावर, एका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्या एवढ्याच! त्या सगळ्या आधीच बनवून एकेक लावून पाहणे साध्या संगणकालाही जमते.

सप्टेंबर २००६ मध्ये हे पॅकेज दाखल झाले आणि टप्पे ओलांडत एप्रिल २००७ च्या ४.० या स्टेबल आवृत्तीत गेले. डेबियनवर आधारलेल्या उबुंटूतही ते पोचले. सर्व चाचण्या पार पडत होत्या, आणि त्यात नवल नाही. किल्ली बनत होती, कुलूप लागत होते, उघडत होते. एकेक किल्ली पाहिली तर निर्दोष. दोष एका किल्लीत नव्हताच, तो सगळ्यांच्या मिळून संख्येत होता. वाढदिवसांचे प्रसिद्ध कोडे वर्गात घेत असाल तर इथे लावून पाहा. सर्व क्रमांक सारख्याच शक्यतेने निघतात असे धरले, तर सुमारे २१४ किल्ल्या गोळा होताच त्यांत एखादी जोडी सारखी निघण्याची शक्यता निम्मी होते. कोणी शंभरांनी किल्ल्या बनवून शेजारी मांडल्या असत्या तर हे लगेच दिसले असते. पण नेहमीच्या चाचणीत कोणी असे का करील?

मला त्या सांभाळकर्त्याला दोष द्यावासा वाटत नाही. त्याने साधनाचे ऐकले, विचारले, आणि बदल उघडपणे केला. मूळ लेखकांनीही त्या दुसऱ्या ओळीजवळ ती कशासाठी आहे हे लिहिले नव्हते.

१३ मे २००८ रोजी डेबियनने चूक जाहीर केली. दुरुस्त लायब्ररी त्याच दिवशी मिळाली, आणि पॅकेजांच्या व्यवस्थेमुळे ती झपाट्याने पसरली. परंतु आधी बनलेल्या किल्ल्या लायब्ररी बदलल्याने बदलत नाहीत. त्या लोकांनी इतर यंत्रांवर, जिथे डेबियन नव्हतेच तिथेही, नेऊन ठेवल्या होत्या. शेवटी कमकुवत किल्ल्यांच्या याद्या करून त्यांचेच एक पॅकेज बनवावे लागले, म्हणजे यादीतली किल्ली घेऊन कोणी दाराशी आले तर यंत्र तिला नाकारील.