नकाशातील किनारारेषेचे सरलीकरण व अतिरंजन : हेदवीच्या बामणघळीच्या संदर्भात

प्रस्तावना :
रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुज गणेशाचे मंदिर आणि समुद्रकाठची बामणघळ यांसाठी प्रसिद्ध आहे. कातळातील या अरुंद भेगेत भरतीचे पाणी शिरून उंच उसळते. ही घळ किनारारेषेचाच भाग होय. तथापि १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर ०.२ मिलिमीटर जाडीची रेषाच १० मीटर जागा व्यापते. त्याहून अरुंद भेग त्या रेषेतच बुडून जाते.

हस्तलिखित नकाशांच्या काळात यावर दोन उपाय होते. गौण वळणे गाळणे म्हणजे सरलीकरण व महत्त्वाचे वळण मुद्दाम मोठे काढणे म्हणजे अतिरंजन. कोणते वळण महत्त्वाचे, हे आरेखक अनुभवाने ठरवीत असे.

संगणकीय पद्धतींचा विकास :
संगणकाने प्रथम सरलीकरण आत्मसात केले. १९७२ मध्ये उर्स रामर यांनी व १९७३ मध्ये डेव्हिड डग्लस आणि थॉमस पॉइकर यांनी स्वतंत्रपणे एकच पद्धत मांडली. रेषेची दोन टोके सरळ जोडावयाची. त्या सरळ रेषेपासून सर्वांत दूरचा बिंदू ठरावीक मर्यादेबाहेर असल्यास तो राखून तेथे रेषेचे दोन भाग करावयाचे व प्रत्येक भागावर हीच क्रिया करावयाची. अन्यथा मधले सर्व बिंदू गाळावयाचे. या पद्धतीत खोल घळीचे टोक टिकते, परंतु तिचे दोन काठ एकमेकांस चिकटतात. १९९३ मध्ये विश्वलिंगम व व्हायट यांनी अंतराऐवजी क्षेत्रफळ हा निकष घेतला. लगतच्या तीन बिंदूंचा त्रिकोण सर्वांत लहान असेल, तेथील मधला बिंदू आधी गाळला जातो. अरुंद घळीच्या टोकाचा त्रिकोण लहान असल्याने ती येथे लवकर नाहीशी होते. दोन्ही पद्धती केवळ गाळतात. घळ रुंद करीत नाहीत. वळणे फाकवून दाखविणाऱ्या पद्धती १९९० च्या दशकात फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेत घाटरस्त्यांसाठी विकसित झाल्या.

प्रमाण आणि लांबी :
नकाशाच्या प्रमाणानुसार किनाऱ्याची लांबी बदलते, याकडे मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये लक्ष वेधले होते. भारताची ७,५१६.६ किलोमीटर ही जुनी लांबी १:४५,००,००० प्रमाणावर आधारित होती. १:२,५०,००० प्रमाणावरील फेरमोजणीत ती ११,०९८.८१ किलोमीटर झाली. महाराष्ट्राची लांबी ६५२.६ वरून ८७७.९७ किलोमीटर झाली. ही वाढ जमिनीची नसून प्रामुख्याने मोजणीतील तपशिलाची आहे.

निष्कर्ष :
किनारा नियमन क्षेत्राच्या १:४,००० प्रमाणाच्या स्थानिक नकाशांवर २ मीटरची भेग अर्धा मिलिमीटर भरते. ती तेथे दाखविता येते. लहान प्रमाणावर मात्र ती राखणे हा निर्णय ठरतो आणि त्यासाठी स्थलज्ञान आवश्यक असते. म्हणून मूळ तपशीलवार रेषा जतन करणे व सरलीकरणाची मर्यादा नकाशावर नोंदविणे अगत्याचे आहे. अन्यथा गाळलेली घळ प्रत्यक्षातही नाहीच, असा समज रूढ होण्याचा धोका राहतो.