स्मृतिवस्तूंतून उलगडणारा क्लबचा इतिहास : बोल्टन वॉन्डरर्स आणि एफ. ए. चषकाचे अंतिम सामने

प्रस्तावना

इतिहासलेखनात पत्रव्यवहार, शासकीय दप्तर, नाणी व शिलालेख यांना साधन म्हणून जी प्रतिष्ठा लाभली, ती क्रीडाविषयक वस्तूंना फार उशिरा प्राप्त झाली. जुने तिकीट, सामन्याची कार्यक्रमपत्रिका, पदक, सदरा, वृत्तपट या वस्तू दीर्घकाळ केवळ हौशी संग्राहकांच्या जिव्हाळ्याचा विषय राहिल्या. वस्तुतः श्रमिक समाजाच्या सामूहिक जीवनाचा वेध घेताना या वस्तू महत्त्वाची साक्ष देतात. मात्र कोणती वस्तू जपली गेली आणि कोणती घटना वस्तुरूपाने उरलीच नाही, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो. इंग्लंडमधील बोल्टन वॉन्डरर्स या फुटबॉल क्लबच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

बोल्टन हे लँकेशायरच्या कापड उद्योगातील एक प्रमुख नगर. सूतकताईचे 'म्यूल' यंत्र सॅम्युएल क्रॉम्प्टन यांनी १७७९ मध्ये येथेच सिद्ध केले. मुंबईच्या गिरणगावाप्रमाणेच या नगराचा दिनक्रमही भोंग्याशी बांधलेला होता. १८७४ मध्ये येथील ख्राइस्ट चर्चच्या आश्रयाने स्थापन झालेल्या क्लबने १८७७ मध्ये 'वॉन्डरर्स' हे नाव धारण केले. १८८८ च्या फुटबॉल लीगच्या बारा संस्थापक सदस्यांत त्याचा समावेश होता. १८९५ पासून १९९७ पर्यंत बर्नडेन पार्क हे क्लबचे मैदान होते. एफ. ए. चषकाच्या १८९४ व १९०४ मधील अंतिम सामन्यांत क्लबला अनुक्रमे नॉट्स काउंटी व मँचेस्टर सिटी यांच्याकडून पराभव पत्करावा लागला.

१९२३ : पांढरा घोडा

वेम्बली मैदानावरील पहिला अंतिम सामना २८ एप्रिल १९२३ रोजी बोल्टन व वेस्ट हॅम युनायटेड यांच्यात झाला. अधिकृत नोंद १,२६,०४७ प्रेक्षकांची आहे. प्रत्यक्षातील गर्दी दोन लाख वा त्याहूनही अधिक असल्याचे अंदाज आहेत. गर्दी खेळपट्टीवर पसरल्याने सामना सुमारे पाऊण तास उशिरा सुरू झाला. दुसऱ्याच मिनिटाला डेव्हिड जॅकने वेम्बलीवरील पहिला गोल केला, पुढे जे. आर. स्मिथच्या गोलने बोल्टनने २-० असा विजय संपादन केला. राजे पंचम जॉर्ज यांच्या हस्ते कर्णधार जो स्मिथने चषक स्वीकारला.

या सामन्याची सर्वांत प्रभावी स्मृतिवस्तू म्हणजे वृत्तपट. त्यात बिली नावाच्या घोड्यावर स्वार झालेले पोलीस शिपाई जॉर्ज स्कोरी गर्दी मागे हटवताना दिसतात. घोडा मुळात करड्या रंगाचा; परंतु कृष्णधवल चित्रफितीत तो शुभ्र भासतो. मैदानात अन्य घोडेस्वार पोलीसही होते. गडद गर्दीत उठून दिसला तो एवढाच. अशा रीतीने छायाचित्रणाच्या मर्यादेतून एक दंतकथा जन्मास आली आणि हा सामना 'पांढऱ्या घोड्याचा अंतिम सामना' म्हणून रूढ झाला. नव्या वेम्बलीजवळील पादचारी पुलाला २००५ मध्ये जनमत घेऊन हेच नाव देण्यात आले.

त्या सामन्याचे तिकीट ही त्यामानाने दुर्लक्षित वस्तू. १९२३ मध्ये बहुतेक जागांसाठी पैसे प्रवेशद्वारावरच घेतले जात होते. शेकडो प्रेक्षक जखमी झाले. जीवितहानी झाली नाही, हे केवळ सुदैव. पुढील वर्षापासून अंतिम सामन्याचा प्रवेश आगाऊ तिकिटांपुरता मर्यादित करण्यात आला. १९२४ चे तिकीट म्हणूनच एका प्रशासकीय सुधारणेचा दस्तऐवज ठरते. तथापि ती सुधारणा अंतिम सामन्यापुरतीच राहिली.

१९२६ (मँचेस्टर सिटीविरुद्ध १-०) व १९२९ (पोर्ट्समथविरुद्ध २-०) या विजयांच्या संघयाद्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर तीन अंतिम सामन्यांत मिळून बोल्टनने अवघे सतरा खेळाडू वापरले आणि गोलरक्षक डिक पिम यांनी एकही गोल होऊ दिला नाही, असे दिसते.

१९४६ : जिची स्मृतिवस्तू नाही अशी घटना

९ मार्च १९४६ रोजी बर्नडेन पार्कवर स्टोक सिटीविरुद्ध चषकाच्या सहाव्या फेरीचा दुसरा सामना होता. युद्धकाळात मैदानाचा एक भाग सरकारी साठवणुकीसाठी घेतलेला असल्याने तेथील प्रवेशद्वारे बंद होती. अंदाजे ८५ हजार लोक लोटले. रेल्वेमार्गाकडील उतारावर चेंगराचेंगरी होऊन ३३ जण मृत्युमुखी पडले. मृतदेह खेळपट्टीच्या कडेला झाकून ठेवण्यात आले, लाकडी भुशाने नवी सीमारेषा आखण्यात आली आणि खेळ पुन्हा सुरू झाला. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला.

मोलविन ह्यूजेस यांच्या चौकशी अहवालाने मैदानांची क्षमता निश्चित करून त्यांना परवाना देण्याची शिफारस केली. ती कायद्यात उतरण्यास १९७५ साल उजाडले. तत्पूर्वी १९७१ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर ६६ बळी गेले होते. बोल्टनच्या मृतांसाठी बर्नडेन पार्कवर फलक लागला तो १९९२ मध्ये, दुर्घटनेनंतर ४६ वर्षांनी. मैदान पाडल्यावर तेथे सुपरमार्केट उभे राहिले असून आता त्याच्याच भिंतीवरील फलक या घटनेची खूण सांगतो. घोड्याच्या वाट्याला पूल आला, माणसांच्या वाट्याला दुकानाची भिंत. स्मरणातील ही विषमता इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवणे अगत्याचे आहे.

१९५३ व १९५८

१९४६ च्या त्या सामन्यात स्टोककडून खेळलेले स्टॅन्ली मॅथ्यूज २ मे १९५३ रोजी ब्लॅकपूलतर्फे बोल्टनसमोर उभे होते. नॅट लॉफ्टहाउसने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला आणि जायबंदी एरिक बेलच्या गोलने बोल्टनने ३-१ अशी आघाडी घेतली. अखेर मात्र ब्लॅकपूलने ४-३ असा विजय मिळवला. स्टॅन मॉर्टेन्सनने तीन गोल करूनही सामना 'मॅथ्यूजचा' म्हणूनच ओळखला गेला. ब्लॅकपूलचे व्यवस्थापक होते १९२३ चे बोल्टनचे कर्णधार जो स्मिथ! मॅथ्यूज यांचे विजेतेपदक २०१४ च्या लिलावात २ लाख २० हजार पौंडांना विकले गेले.

त्याच वर्षी एल. एस. लाउरी यांनी बर्नडेन पार्कचे 'गोइंग टू द मॅच' हे चित्र रंगवले. त्यात खेळ दिसत नाही. दिसतात ती गिरण्यांच्या धुरांड्यांखालून मैदानाकडे लगबगीने निघालेली माणसे. १९९९ मध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेने १९ लाख पौंडांना घेतलेले हे चित्र २०२२ मध्ये ७८ लाख पौंडांना सॅल्फर्डच्या 'द लाउरी' संस्थेने घेतले व ते जनतेस खुले राहिले. ज्या गर्दीतील ३३ जण १९४६ मध्ये परतले नाहीत, त्या गर्दीचे खरे स्मारक म्हणून या चित्राकडे पाहता येईल.

३ मे १९५८ रोजी बोल्टनने मँचेस्टर युनायटेडचा २-० असा पराभव केला. दोन्ही गोल लॉफ्टहाउसचे. गोलरक्षक हॅरी ग्रेग यांना दिलेल्या धक्क्यामुळे दुसरा गोल वादग्रस्त ठरला. ६ फेब्रुवारीच्या म्युनिक विमान अपघातात युनायटेडचे आठ खेळाडू मरण पावले होते. त्या दिवशीच्या त्यांच्या सदऱ्यावरील पक्ष्याचे चिन्ह राखेतून उठणाऱ्या फिनिक्सचे प्रतीक मानले जाते. विजय बोल्टनचा असला तरी देशाची सहानुभूती पराभूतांकडे होती, हे तो सदरा सुचवतो.

समारोप

१९२३ ते १९५८ या काळातील बोल्टनचे चारही विजय १९११ मध्ये घडवलेल्या एकाच चषकाशी निगडित आहेत. पण चषक विजेत्याकडे वर्षभरच राहतो. क्लबपाशी कायम उरतात ती पदके, पत्रिका व छायाचित्रे. २०१९ मध्ये आर्थिक संकटाने हा क्लब बंद पडण्याच्या उंबरठ्यावर आला आणि शेजारच्या बरी क्लबला लीगमधून वगळण्यात आले, तेव्हा अशा ठेव्याचे मोल अधिकच स्पष्ट झाले. विजयाच्या वस्तू आपोआप जपल्या जातात. दुर्घटनेची स्मृती मात्र जाणीवपूर्वक जपावी लागते. ती न जपल्यास तिच्यातून निघालेली शिफारसही विस्मृतीत जाते आणि तिची किंमत पुन्हा गर्दीलाच मोजावी लागते, हाच या अभ्यासाचा निष्कर्ष होय.