शुक्रवारची गोळी

आमवाताच्या रोग्याच्या औषधांच्या डब्यात बहुधा दोन लहानशा गोळ्या असतात. एकीचं नाव मेथोट्रेक्सेट, दुसरीचं फॉलिक ॲसिड. श्रोतेहो, आज मला या दोन गोळ्यांचा इतिहास सांगायचा आहे. मी डॉक्टर नाही, हकीमही नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण हा इतिहास ठाऊक नसला की माणसं औषध टाकून देतात, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे. म्हणून हे धाडस.

आधी आजाराबद्दल थोडं. म्हातारपणी गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. या आजारात शरीराची राखण करणारी यंत्रणाच उलटते आणि सांध्यांच्या आतल्या अस्तरावर तुटून पडते. हाताची बोटं, मनगटं, पावलं सुजतात. सकाळी तासभर, कधी त्याहूनही जास्त वेळ सांधे आखडलेले असतात. ऐन तिशी-चाळिशीतही तो गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीतिपटीने अधिक. आपल्या वैद्यांना ‘आमवात’ हे नाव माधवनिदानापासून माहीत आहे. युनानी हकीम सांध्यांच्या दुखण्याला वजा-उल-मफासिल म्हणतात. युरोपात १८०० साली पॅरिसच्या लाँद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरने नऊ बायकांचं दुखणं लिहून ठेवलं आणि १८५९ मध्ये लंडनच्या गॅरडने त्याला आजचं ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव दिलं. आमच्या पनवेलात वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली धूतपापेश्वरचा कारखाना काढला. तेव्हा गुग्गुळ आणि काढे आमच्या तालुक्याला नवे नाहीत. पाली गावाजवळच्या उन्हेऱ्याच्या गरम कुंडात अंग शेकायला जाणारी माणसंही आम्ही लहानपणापासून पाहत आलो. शेकाने आराम पडतो, हे खरंच आहे. पण सांधा आतून कुरतडला जातो, ते शेकाने थांबत नाही.

माझी थोरली बहीण, आमची आपा, या आजाराने धरली तेव्हा फजरच्या नमाजाआधी वजू करताना तिला नळ फिरवता येईना. तांदळाची भाकरी थापणं तर सुटलंच. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं. दोन महिन्यांत बोटं हलू लागली. मग एके दिवशी भाच्याने डब्यातला कागद उलगडून वाचला. त्यात रक्ताच्या कॅन्सरचं नाव होतं. आमचं ओवे खारघरला लागून. परळच्या टाटा रुग्णालयाचं मोठं संशोधन केंद्र या शतकाच्या सुरुवातीला खारघरला उभं राहिलं, तेव्हापासून कॅन्सर हा शब्द आमच्या गावात रोजच्या कानावरचा. आपाने गोळ्या बंद केल्या. म्हणाली, ‘‘मला कॅन्सर झालाय आणि तुम्ही सगळे लपवताय.’’

तिची समजूत घालायला मी पुस्तकं चाळू लागलो आणि वाट निघाली ती थेट परळला.

१९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत, रक्त आटे आणि पुष्कळशा मरत. त्याचं कारण शोधायचं काम तिने परळच्या हाफकिन संस्थेत सुरू केलं. कोणत्या थरातली बाई काय जेवते, हे तिने पाहिलं. सर्वांत निकस जेवण गरीब मुसलमान बायकांचं होतं आणि हा आजारही त्यांनाच सर्वांत जास्त होत होता. तिने निरनिराळे पदार्थ देऊन पाहिले. अखेरीस मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क, देताच रक्त भरून येऊ लागलं. १९३१ साली तिने हे छापलं. त्या अर्कात नेमकं काय आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. कित्येक वर्षं त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तोच पदार्थ निराळा काढला गेला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड नाव मिळालं. आपाच्या डब्यातली दुसरी गोळी ती हीच. आमच्याच आज्या-पणज्यांच्या पिढीतल्या बायकांच्या उपाशी रक्तातून तिचा शोध लागला, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

आता पहिली गोळी. आंध्रातल्या भीमावरमचा येल्लाप्रगडा सुब्बाराव हा गरीब घरचा मुलगा. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात खादी घातल्यामुळे प्राध्यापकाची मर्जी गेली आणि पूर्ण पदवीऐवजी खालचं प्रमाणपत्र हाती पडलं. काही काळ आयुर्वेद महाविद्यालयात शिकवून तो अमेरिकेला गेला. १९४० पासून तो लेडर्ली या कंपनीच्या प्रयोगशाळेत होता. तिथे त्याच्या चमूने फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार केलं. बोस्टनच्या सिडनी फार्बरने ते ल्युकेमियाच्या मुलांना देऊन पाहिलं, तर रोग उलट फोफावल्यासारखा वाटला. मग त्याने विचार केला: हे पोषण रोगी पेशींना पोसत असेल, तर तेच तोडणारं औषध का नको? सुब्बारावांच्या चमूने फॉलिक ॲसिडसारखी दिसणारी, पण पेशींना चकवणारी रसायनं बनवली. त्यांतलं अमिनोप्टेरिन घेऊन फार्बरने १९४८ साली जाहीर केलं की सोळांपैकी दहा मुलांमध्ये सुधारणा दिसली, जरी ती तात्पुरती होती. त्याच रसायनाचं धाकटं भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. आपलं औषध सांध्यांच्याही उपयोगी पडेल, हे त्यांना कळलं नाही.

१९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या गुब्नर या डॉक्टरने अमिनोप्टेरिन थोड्या मात्रेत आमवाताच्या रोग्यांना दिलं आणि सूज उतरली. पण तिकडे लक्ष द्यायला कोणी मोकळं नव्हतं. १९४८ च्या सप्टेंबरात मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंचने कॉर्टिसोनचं पहिलं इंजेक्शन दिलं होतं; अंथरुणाला खिळलेली रोगी काही दिवसांत चालू लागली होती. १९५० चं नोबेलही त्या शोधाला मिळालं. पुढे कळलं की कॉर्टिसोन जास्त दिवस आणि जास्त मात्रेत घेतलं की चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. आजही कुठल्याशा पुडीने ‘दोन दिवसांत उठून बसलो’ असं कोणी सांगितलं, की त्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं नाही ना, ही शंका घ्यावी. जादूच्या त्या गोंगाटात मेथोट्रेक्सेट तीसेक वर्षं मागे पडलं. १९८० नंतर रीतसर चाचण्या झाल्या आणि १९८८ साली अमेरिकेने आमवातासाठी त्याला मान्यता दिली. पुढे नवी, महाग इंजेक्शनं आली. त्यांचा पाया घालणाऱ्यांत लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आहेत. तरी उपचाराची सुरुवात आजही बहुतेक या स्वस्त गोळीनेच होते.

मी आपाला सांगितलं ते एवढंच: विस्तव तोच, पण भट्टीतला वेगळा आणि निरांजनातला वेगळा. कॅन्सरसाठी हे औषध कधी कधी शेकडो पटींनी जास्त मात्रेत, शिरेतून देतात. आमवातासाठी ते आठवड्यातून एकदाच, साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. एवढ्या मात्रेत ते पेशी मारत नाही, बिथरलेल्या राखणदारांना शांत करतं. आणि पोषण तोडणाऱ्या औषधासोबत पोषणाची गोळी का, तर तोंड येणं, मळमळ, यकृताचा त्रास कमी व्हावा म्हणून. ती कोणत्या दिवशी घ्यायची, हे डॉक्टर सांगतात.

या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ‘आठवड्यातून एकदा’ हीच. आमच्या नात्यातल्या एका बाईला औषधाच्या दुकानातून पाकिटावर ‘रोज एक’ असं लिहून मिळालं. दहाव्या दिवशी तोंडभर फोड, ताप, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरलेल्या. वेळेवर इस्पितळात नेलं म्हणून वाचली. तेव्हापासून आमच्या घरी वार ठरला, जुम्मा. औषधाच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘शुक्रवार’. तुमच्याकडे सोमवार असेल, गुरुवार असेल. पण वार एकच आणि तो लिहिलेला.

बाकीचं पथ्य थोडकं आहे. ठरलेल्या दिवशी रक्त तपासायचं, यकृत आणि मूत्रपिंडासाठीही. दारू नको. बाळ हवं असेल तर पुष्कळ आधी डॉक्टरांना विचारून गोळी थांबवायची. गरोदरपणी ती चालत नाही. ताप आला तर अंगावर काढायचा नाही. आणि बोटं हलती ठेवायची.

१९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन पाहणी केली. दर दोनशे प्रौढांमागे सुमारे एकाला हा आजार आढळला. म्हणजे तुमच्या गावातही कोणीतरी आहेच. बहुधा बाई असेल, आणि ‘बायकांचं दुखणंच असतं’ म्हणून घर तिच्याकडे पाहत नसेल. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधे वाचतात. वाकडी झालेली बोटं नंतर कोणतंही औषध सरळ करत नाही. लूसी विल्सने परळच्या बायकांना विचारलं होतं, तुम्ही काय खाता? आपण आपल्या घरातल्या बाईला एवढंच विचारावं, सकाळी उठल्यावर तुझी मूठ वळते का?