भाव परत येईल?

आम्ही नंदनवनात राहतो. गेल्या जुम्म्याला संध्याकाळी भाचा माझ्याजवळ येऊन बसला. हातात मोबाईल, चेहरा उतरलेला. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे त्याने शेअरच्या वायद्यात लावले होते; निम्मे बुडाले होते. मी म्हणालो, "विकून मोकळा हो." तो म्हणाला, "थांबा मामू, भाव परत येईल."

ही आशा आपल्याकडे जुनीच आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मग गुजरात, खानदेश आणि आमच्या वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. रोज नव्या बँका, नव्या कंपन्या! समुद्र हटवून जमीन काढायला निघालेल्या बॅकबे कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० रुपयांवर गेला. प्रेमचंद रायचंद या तेजीचे बादशहा झाले.

जवळ पैसा नसलेली माणसेही मुदतीचे सौदे करू लागली. सौदा आज, पैसे १ जुलै १८६५ रोजी. या साऱ्या हिशेबाखाली एकच अपेक्षा होती : लढाई चालूच राहील. सातासमुद्रापार माणसे मरत राहिली, तरच इथले भाव टिकणार होते. लोभाला हे दिसत नाही.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेला. कापूस कोसळला, त्यामागोमाग शेअरही. १ जुलै उजाडला तेव्हा देणेकऱ्यांच्या हाती फक्त कागद होते. शेअरवर कर्जे वाटणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

या पडझडीत एक तरुण लंडनमध्ये अडकला होता. जमशेटजी टाटा. घरची पेढी बुडत होती, जवळच्या हुंड्यांना किंमत उरली नव्हती. त्यांनी भाव परत येण्याची वाट पाहिली नाही. सावकारांपुढे जाऊन खरी स्थिती सांगितली. त्या सावकारांनी पेढीचा हिशेब मिटवण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवले, तेही पगार देऊन.

पुढे हेच जमशेटजी आमच्या नागपुरात आले. दलदलीची जागा घेऊन भरणी केली. माणूस सोने मातीत घालतो आहे, असे म्हणत एका सावकाराने पैसा द्यायचे नाकारले, अशी आठवण सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी तिथे एम्प्रेस मिल सुरू झाली. ती २००२ पर्यंत चालली, नागपूरच्या कितीतरी पिढ्या तिच्या भोंग्यावर उठल्या.

आज बाजार खिशात आला आहे, पण मन १८६५ चेच आहे. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मागच्या तीन आर्थिक वर्षांत शेअरच्या वायदे-विकल्पांत उतरलेल्या दर १० व्यक्तींपैकी ९ हून अधिक तोट्यात गेल्या. तोटा झाला की माणूस तो मान्य करीत नाही. भरून काढायला आणखी पैसा लावतो. आधी लोभ बुडवतो, मग आशा.

भाच्याला मी ही हकीकत सांगितली. सोमवारी त्याने सौदा मोडला. निम्मे पैसे वाचले, पण आपाला अजून काही ठाऊक नाही. उद्या तो तिला सांगणार आहे. मी सोबत जाईन. बोलायचे मात्र त्यानेच.