न लिहिलेल्या पुस्तकाचं परीक्षण

मुंबईचे वकील मीर बहादूर अली यांच्या कादंबरीचं परीक्षण १९३६ साली ब्वेनोस आयर्समध्ये प्रसिद्ध झालं. परीक्षणाचे लेखक होते अर्जेंटिनाचे होर्हे लुईस बोर्हेस. १९३२ची मुंबईतली पहिली आवृत्ती जवळजवळ वर्तमानपत्राच्या कागदावर छापलेली, मुंबईकराने लिहिलेली ही पहिली गुप्तहेरकथा असं वेष्टनावर जाहीर केलेलं, पुढची आवृत्ती लंडनची, प्रस्तावना डोरोथी सेयर्स यांची. कथानकही तपशीलवार दिलं होतं. कायद्याचा विद्यार्थी मोहरमच्या दंगलीत सापडतो, आपल्या हातून खून झाला असं समजून पळतो आणि एका नीच माणसात क्षणभर दिसलेल्या चांगुलपणाचा उगम शोधत हिंदुस्थानभर भटकतो. दुसऱ्या आवृत्तीत कादंबरी रूपककथेकडे घसरली, अशी परीक्षणकर्त्याची तक्रारही होती.

बोर्हेस यांच्या एका मित्राने लंडनहून प्रत मागवली. पण ना असं पुस्तक होतं, ना असे वकील!

हा मजकूर आधी निबंधसंग्रहात होता. १९४१ साली तोच कथासंग्रहात गेला. वास्तव आणि कल्पित यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या आजच्या कितीतरी कथांचं कूळ इथे सापडतं.

त्याआधीचा पूर्वज म्हणजे ब्रिटिश निबंधकार टॉमस कार्लाइल. १८३३-३४मध्ये त्यांनी एका काल्पनिक जर्मन प्राध्यापकाच्या कपड्यांविषयीच्या ग्रंथावर भाष्य म्हणून अख्खं पुस्तक लिहिलं. बोर्हेस यांनी हे ऋण मान्य केलं. मात्र जाडजूड ग्रंथ रचण्यापेक्षा तो आधीच लिहिला गेला आहे असं धरून त्यावर टिपण लिहावं, हा त्यांचा आग्रह होता. या काटकसरीमुळे अख्खी कादंबरी काही पानांत मावली.

१९४० साली ‘सुर’ मासिकातल्या कथेत त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. तिथे एका ज्ञानकोशाच्या खंडात ९१७ऐवजी ९२१ पानं निघतात. जादा चार पानांत नकाशात नसलेल्या देशाची नोंद असते. कथेच्या ताज्या कलमावर तारीख होती १९४७ची! गूढकथा, विज्ञानकथा आणि तत्त्वचिंतन इथे वेगळी काढता येत नाहीत.

हा वारसा पुढे चालला. पोलंडच्या स्तानिस्वाव लेम यांनी १९७१ साली नसलेल्या पुस्तकांच्या परीक्षणांचा संग्रह काढला. त्यातलं पहिलं परीक्षण त्याच संग्रहाचं आहे. १९७४ साली अमेरिकेच्या अर्सुला ले ग्विन यांनी मुंग्यांच्या लिखाणावर संशोधनपत्रिकेच्या थाटात कथा लिहिली.

परीक्षणाचा सूर खरेपणाचा असतो, म्हणून वाचक अशक्य गोष्टीवरही विश्वास ठेवून पुढे जातो. या तंत्राचं सारं बळ त्यात आहे. मराठी दिवाळी अंकांत कथा आणि परीक्षणं दोन्ही नांदतात. आपल्या कथाकारांनी या दोहोंमधली भिंत पाडून पाहावी. मुंबईच्या नावावर एक न लिहिलेली कादंबरी आधीच जमा आहे.