तंजावरची क्लोरिंडा

अठराव्या शतकात तंजावरच्या मराठी राज्यात एक तरुण ब्राह्मण विधवा होती. सती जाताना लिटलटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिला वाचविले, असे परंपरा सांगते. दोघांचे प्रेम जडले; ती एकत्र राहू लागली. स्वजनांकडे परतण्याची वाट बंद होती. तिने बाप्तिस्मा मागितला, तेव्हा जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी विवाहावाचूनचा सहवास पाप मानून नकार दिला. एकीकडे चिता, दुसरीकडे मिटलेले दार! लिटलटनच्या मृत्यूनंतर, १७७८ साली, दक्षिणेस पाळयंकोट्टै येथे श्वार्ट्झ यांनीच तिला बाप्तिस्मा दिला. ती क्लोरिंडा झाली. तिच्या पुढाकाराने १७८५ मध्ये तेथे चर्च उभे राहिले. तमिळ लोक त्याला ‘ब्राह्मणीचे देऊळ’ म्हणू लागले. धर्माभिमान्यांना जो मेळ साधला नाही, तो लोकांच्या जिभेने सहज साधला.